आप्पासाहेबांची फौज

परवा आर्वीत चहाच्या टपरीवर वाद झाला. विषय काय, तर नागपूरचे आप्पासाहेब भोसले! आमचे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "इंग्रजांशी लढलेला राजा आहे तो. त्याला नावं ठेवायची नाहीत."

लढले, कबूल. सीताबर्डीवर, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला. (हरल्यावर "हे माझ्या हुकमाने झालं नाही" असा निरोप रेसिडेंटकडे गेला, ते सोडून देऊ.) पण मुळात कंपनीची फौज नागपूरच्या पदरी बांधली कोणी?

मार्च १८१६ मध्ये दुसरे रघुजी वारले. या माणसाने १८०३ ला कटक गमावलं, आपल्या आर्वीच्या पश्चिमेला जी वर्धा वाहते तिच्या पलीकडचा वऱ्हाडही गमावला, पण तैनाती फौज शेवटपर्यंत घेतली नाही. मुलगा परसोजी आंधळा आणि पांगळा. त्याच्या नावाने कारभार कोणी करायचा यावरून वाड्यात दोन तट पडले. चुलतभाऊ आप्पासाहेबांना आपला तट वर ठेवायला कंपनी हवी होती. रघुजींना जाऊन तीन महिनेही झाले नव्हते, २७ मे ला तैनाती फौजेचा तह झाला. वर्षाला साडेसात लाख रुपये!

१ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी अंथरुणात मेलेला सापडला. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला होते. खून त्यांनीच करवला याचा पुरावा कंपनीला मिळाला १८१८ मध्ये, म्हणजे त्यांना गादीवरून काढायच्या वेळी. हा पुरावा फारच सोयीचा आहे हे गुरुजींचं म्हणणं मला पटतं. पण तहाचं काय? तो काही इंग्रजांनी मागाहून रचलेला नाही.

असाच प्रकार १२०३ साली कॉन्स्टँटिनोपलला झाला होता. तिथेही बाप आंधळा. त्याची गादी परत मिळवायला राजपुत्र चौथा अलेक्सिऑस दोन लाख चांदीचे मार्क कबूल करून क्रुसेडवाल्यांना घेऊन आला. पैसे काही पुरे पडले नाहीत. पुढच्याच वर्षी पाचव्या अलेक्सिऑसने त्याला ठार करवलं, स्वतः गादीवर बसला, त्याच परक्यांशी लढला आणि एप्रिलमध्ये शहर घालवून बसला. तिथे परक्यांना आणणारा एक आणि त्यांच्याशी लढणारा दुसरा. आमच्याकडे दोन्ही कामं एकाच माणसाने केली, आणि आम्हाला आठवतं फक्त दुसरं.

पुढे मार्च १८१८ मध्ये अटक, मे मध्ये पलायन, आणि १८४० ला जोधपुरात मृत्यू.

गुरुजी उठता उठता म्हणाले, "मग काय तुमचा परसोजी लढणार होता?"

नव्हता. पण टपरीवर त्याचं नाव पहिल्यांदा निघालं ते तेव्हा.