पांडू नरोटेला निकाल कळवा

साकीनाक्यात खैराणी रोडच्या गाळ्यात राबणाऱ्यानं गडचिरोलीची उठाठेव कशाला करायची, असं एका शहाण्यानं मला विचारलं. आपल्याच समाजातला, सरकारी नोकरीतला. हे त्याच्यासाठी लिहितोय.

पांडू नरोटे. गडचिरोलीचा आदिवासी. ऑगस्ट २०१३ मध्ये धरला, यूएपीए लावला. मार्च २०१७ मध्ये प्राध्यापक साईबाबांबरोबर जन्मठेप. २५ ऑगस्ट २०२२ ला नागपूर जेलचा कैदी असतानाच मेला. स्वाइन फ्लू. तेहतीस वर्षांचा गडी. दीड महिन्यानं हायकोर्टानं त्याच खटल्यातले उरलेले पाचही जण सोडले. तर दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सुट्टी मोडून सुप्रीम कोर्ट बसलं अन् तो निकाल थांबवला. इथं आमच्या पोरांच्या जामिनाला साधी तारीख मिळत न्हाई! शेवटी ५ मार्च २०२४ ला हायकोर्टानं पुन्हा सांगितलं, पाचही निर्दोष. पुरावा न्हाई, खटल्याची मंजुरीसुद्धा धड न्हाई. साईबाबा बाहेर येऊन सात महिन्यांत गेले. पांडू तर निकाल ऐकायलाच उरला नव्हता.

भांडण जमिनीचं आहे. एटापल्लीत सूरजागडच्या डोंगरात लोखंड आहे. एकीकडं सरकार अन् खाणवाले, दुसरीकडं बंदूकवाले. नक्षलवाल्यांची आरती मी ओवाळत न्हाई. खबऱ्या म्हणून ते ज्याला मारतात तोही आदिवासीच. पण हातात बंदूक नसलेल्या माणसाला वर्षानुवर्षं कोंडायचं आणि त्याला न्याय म्हणायचं, हे कुठल्या पुस्तकात बसतं?

आणि हे जंगलात थांबत न्हाई, शहाण्या. ‘विद्रोही’चा संपादक सुधीर ढवळे आपल्यातलाच. जानेवारी २०११ मध्ये वर्ध्याच्या साहित्य संमेलनाहून परतताना उचलला. घरातली पुस्तकं जप्त. चाळीस महिने आत, मग मे २०१४ मध्ये निर्दोष. जून २०१८ मध्ये एल्गार परिषदेच्या प्रकरणात पुन्हा आत. जामीन थेट जानेवारी २०२५ ला, अन् तोवर आरोपनिश्चितीसुद्धा झाली नव्हती!

सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी घटना समितीत आजचं कलम २२ मांडलं. धरलेल्याला कारण सांगा, वकील करू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभा करा. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, यूएपीएत कलम ४३-ड घातलं. आरोप वरवर खरा वाटला की जामीन न्हाई. दोषारोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत. हल्ला केला कुणी आणि कलम लागलं कुणाला, मोजा जरा.

२०१८ मध्ये विधी आयोगानं २७७ वा अहवाल दिला: चुकीच्या खटल्यात सडवलेल्यांना भरपाईचा कायदा करा. तसा कायदा झाला न्हाई. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मात्र मंजूर केलं, ‘शहरी नक्षल’ आवरायला म्हणे. ह्यातलं शहर कुठलं? मलबार हिल, की साकीनाका? तुझ्या साहेबाला विचारून सांग.