हेलियमच्या किल्ल्यावर दीर्घिकांची गोष्ट सांगा

देवगड तालुक्यातील विजयदुर्गावर 18 ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. हेलियमचा शोध ज्याच्याशी जोडला जातो, त्या 1868 च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी शोधकर्ते लॉकियर या किल्ल्यावर नव्हे, इंग्लंडमध्ये होते, हे तिथे स्पष्ट सांगायला हवे. त्याने किल्ल्याचे महत्त्व उणावत नाही. दूरचे द्रव्य प्रकाशावरून ओळखता येते, हा त्या ग्रहणाचा खरा धडा. तो आज सक्रिय दीर्घिकांपर्यंत पोचला आहे. त्यांच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवरांजवळून निघणाऱ्या झोतांत इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशवेगाने धावतात. चुंबकीय क्षेत्रात वळताना ते जे रेडिओतरंग सोडतात, ते जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना टिपतात.

पण रेडिओतरंग साक्ष देतात ती इलेक्ट्रॉनांची. प्रोटॉनही तितकेच वेगवान होतात कशावरून? 22 सप्टेंबर 2017 रोजी अंटार्क्टिकाच्या बर्फात एक न्यूट्रिनो सापडला आणि त्याची दिशा तेव्हा गॅमा किरणांत उजळलेल्या एका ब्लेझारशी, म्हणजे एका प्रकारच्या सक्रिय दीर्घिकेशी, जुळली. एकच कण, योगायोग असेल, ही शंका रास्त होती. मात्र 2022 मध्ये एनजीसी 1068 या दीर्घिकेच्या दिशेने सुमारे 80 जादा न्यूट्रिनो आल्याचे जाहीर झाले. इतके ऊर्जावान न्यूट्रिनो घडवायला वेगवान प्रोटॉन किंवा अणुकेंद्रके लागतात, म्हणून हा पुरावा मला वजनदार वाटतो. येत्या हेलियम दिनी देवगडच्या मुलांना हेही सांगा.