देवदूताशीं संसार
जॅनेट मॅक्डोनाल्ड व नेल्सन एडी यांनीं एकत्र केलेला अखेरचा बोलपट ‘आय मॅरीड अ‍ॅन एंजल’ (१९४२) तेव्हां फारसा चालला नाहीं. आम्हांस मात्र तो गमतीचा वाटतो. बुडापेस्टचा रंगेल पेढीवाला सरदार स्वप्नांत देवदूताशीं लग्न लावतो. पंख आहेत, गळाहि गोड. पण बाईंना खोटें बोलतां येत नाहीं! मेजवानींत ती पाहुण्यांस खरें तें तोंडावर सांगते, नि पेढी बुडायची वेळ येते. मग एक व्यवहारी मैत्रीण तिला लाघवी थापा शिकविते. बायकोचें खरें बोलणें राखावें कीं नवऱ्याची पेढी? येथें पेढी जिंकते, हें आम्हांस खटकलें. १९३८ च्या मूळ संगीतिकेंत हें लग्न खरेंच होतें. चित्रपटानें तें स्वप्न ठरवून नवरोजींस फार स्वस्तांत सोडलें. जागे होतांच ते धांवतात, पेढींतच काम करणाऱ्या साध्या अ‍ॅनाकडे.