ड्रायव्हर बदलण्याआधी परतीचं तिकीट काढा

हल्ली एखाद्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालायचं म्हटलं की बाकी सगळं अर्ध्या-पाऊण तासात होऊन जातं. वायफाय लागतं, प्रिंटर सापडतो, मराठी टायपिंग सुरू होतं. मग चहा घेता घेता घरातलं कोणीतरी म्हणतं, "यात वेगळं ग्राफिक्स कार्ड पण आहे म्हणे! त्याचा ड्रायव्हर टाकून घे ना, आहे कार्ड तर वापरू." बास्स. इथून पुढे चहा गार होतो.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ तर जुन्या यंत्रांना दारातच उभं करत नाही. त्यामुळे "लॅपटॉप टाकून देऊ की तुझं ते लिनक्स घालू?" हा प्रश्न विचारणारे मामा-काका-आत्या वाढले आहेत. ही पोस्ट खास त्यांच्यासाठी. (आणि माझ्यासारखाच रविवार याच्यात घालवणाऱ्या ब्लॉगर मित्रांसाठीही.)

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोणता ड्रायव्हर वेगवान, कोणता मुक्त, कोणता बंद हे सगळे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असा की, हा ड्रायव्हर बिघडला तर मला मागे येता येईल का? ज्याचं उत्तर 'हो' आहे तो चांगला. ज्याचं उत्तर माहीत नाही तो रात्री अकरा वाजता, उद्या सकाळी लेकीची ऑनलाइन परीक्षा असताना टाकायचा नाही!

आता ड्रायव्हर म्हणजे काय ते थोडक्यात. (आत्याला अजूनही हा शब्द ऐकला की एसटीचाच ड्रायव्हर आठवतो, आणि तिचं फार चुकतही नाही.) कार्ड म्हणजे गाडी, पण ती चालवायची कशी हे ज्याला ठाऊक तो ड्रायव्हर. कुठल्या कळीने वेग वाढतो, कुठल्या कळीने पंखा फिरतो, पडद्यावर चित्र कसं पाठवायचं हे सगळं कार्ड बनवणाऱ्या कंपनीला माहीत असतं. प्रश्न एवढाच की ती हे इतरांना सांगते का.

इंटेलने आपल्या कार्डांसाठी हे बऱ्याच आधीपासून उघडपणे केलं. एएमडीने २००६ मध्ये एटीआय विकत घेतली आणि २००७ पासून कार्डांची माहिती बाहेर द्यायला सुरुवात केली. तरी त्यांचा तो 'एफजीएलआरएक्स' नावाचा बंद ड्रायव्हर पुढची कित्येक वर्षं लोकांच्या डोक्याला ताप देत होता. २०१५ मध्ये 'एएमडीजीपीयू' हा खुला ड्रायव्हर कर्नलमध्येच आला (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, मिलिटरीतले नव्हेत!) आणि बहुतेकांसाठी तो विषयच संपला. आज इंटेल किंवा एएमडीचं कार्ड असेल तर साधारणपणे काहीही 'टाकावं' लागत नाही. ते असतंच. माझ्या आत्याच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर या विषयावर आमचं आजवर एकदाही बोलणं झालेलं नाही, यातच सगळं आलं.

एनव्हीडियाची गोष्ट निराळी. त्यांनी लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला नाही असं नाही. दिला, वेगवानही दिला, पण पेटी बंद करून दिला. आत काय आहे ते विचारायचं नाही. मग काही स्वयंसेवकांनी २००५-०६च्या सुमारास 'नूवो' सुरू केला. फ्रेंचमध्ये नूवो म्हणजे नवा. यांची पद्धत बघा. शेजारच्या काकू पुरणपोळीचं प्रमाण सांगत नाहीत, मग खिडकीतून बघत बसायचं की त्यांनी काय घातलं, कधी घातलं, किती घातलं. तसं हे लोक बंद ड्रायव्हर चालू करायचे आणि तो कार्डाला कुठले आकडे पाठवतो ते टिपून ठेवायचे. एक कार्ड समजतंय तोवर बाजारात दुसरं! अशा चिकाटीने उभा राहिलेला हा ड्रायव्हर फेब्रुवारी २०१० मध्ये कर्नलच्या २.६.३३ या आवृत्तीत दाखल झाला.

लिनक्सच्या इतिहासातला एक प्रसंग लोक फार चवीने सांगतात. जून २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनस टॉरवाल्ड्सला कोणीतरी एनव्हीडियाबद्दल विचारलं आणि त्याने भर सभेत कॅमेऱ्याकडे बघून मधलं बोट दाखवलं. सभागृहात हशा आणि टाळ्या. मलाही ते बघून तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण आता वाटतं की ज्या बिचाऱ्याचा पडदा त्या दिवशी काळा होता, त्याला त्या बोटाचा काय उपयोग? त्याच्या उपयोगी पडले ते खिडकीतून पुरणपोळी बघणारे. त्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

असो. मुद्द्यावर येतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन कार्डांच्या लॅपटॉपवर. एक इंटेलचं, प्रोसेसरबरोबरच आलेलं, कमी वीज खाणारं. दुसरं एनव्हीडियाचं, दांडगं आणि खादाड. हलकं काम पहिल्याने करायचं, जड काम दुसऱ्याने. २०१० मध्ये 'ऑप्टिमस' नावाने हे आलं तेव्हा विंडोजवर ते आपोआप व्हायचं, लिनक्सवर मात्र नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये पडद्याची तार जोडलेली असते इंटेलला, म्हणजे दांडग्याने चित्र काढून ते धाकट्याच्या हाती सोपवायचं आणि धाकट्याने ते पडद्यावर लावायचं. या दोघांत बोलणंच नसेल तर पुढचं सांगायला नको.

२०११ मध्ये 'बंबलबी' नावाच्या प्रकल्पाने त्यावर तोडगा काढला. त्याची एक गोष्ट दंतकथा वाटते पण खरी आहे. त्यांच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये पुसून टाकण्याच्या आज्ञेत एक जागा चुकून जास्तीची पडली. एक स्पेस! त्यामुळे ड्रायव्हरचा एक छोटा कोपरा पुसण्याऐवजी अख्खा 'यूएसआर' फोल्डरच पुसला जायचा, म्हणजे यंत्रावरचे बहुतेक सगळे प्रोग्राम. चूक उघड होती, लगेच दुरुस्तही झाली. पण ज्यांनी तोवर एंटर दाबलं होतं त्यांचं काय? 'परतीचं तिकीट' म्हणतो ते याचसाठी.

पुढे २०१३ मध्ये एनव्हीडियाच्याच ड्रायव्हरमध्ये याची सोय आली. उबुंटूवर 'प्राइम' नावाच्या पॅकेजने इंटेल की एनव्हीडिया हे निवडता येऊ लागलं, फक्त दर वेळी लॉगआउट नाहीतर रीस्टार्ट करायचं. २०१९ पासून मागणीप्रमाणे एखादाच प्रोग्राम दांडग्या कार्डावर चालवता येतो, बाकी सगळं इंटेलवर. बॅटरीच्या दृष्टीने रोजच्या वापराला मला हीच पद्धत सर्वांत शहाणी वाटते.

आता तिकिटाचं बघू. माझ्या मते चार गोष्टी पाळल्या की पुरतं.

पहिली: ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवून घालू नका. विंडोजची सवय तिकडेच घेऊन जाते, पण लिनक्समध्ये आपल्या डिस्ट्रोच्या भांडारातून घ्यावा. उबुंटूवर 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' नावाची खिडकीच आहे. भांडारातून आलेली गोष्ट कुठे कुठे सांडली आहे ते यंत्राला ठाऊक असतं, त्यामुळे ती नीट काढताही येते.

दुसरी: कर्नल अपडेट झाला की बंद ड्रायव्हरचा कर्नलला चिकटणारा भाग त्याच्यासाठी नव्याने बांधावा लागतो. 'डीकेएमएस' नावाची व्यवस्था हे आपोआप करते. ती नसेल किंवा अडखळली, तर काल चालणारा लॅपटॉप आज काळा. घाबरायचं नाही. सुरू होताना ग्रब मेनूतून आधीचा कर्नल निवडायचा. तो अजून तिथेच असतो, म्हणून अपडेट झाल्या झाल्या जुने कर्नल साफ करायची घाई नको.

तिसरी: सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्ट झाल्यावर एक निळा पडदा येऊन तो विचारतो. लोक निळा पडदा बघितला की दचकून "कंटिन्यू" दाबतात आणि पुढे जातात. मग ड्रायव्हर असतो पण चालत नाही. तो निळा पडदा शत्रू नाही, पासवर्ड द्या त्याला.

चौथी, आणि ही सगळ्यात महत्त्वाची: नूवोला हाताने 'ब्लॅकलिस्ट' करू नका. दोन ड्रायव्हर एका कार्डावर एकाच वेळी बसू शकत नाहीत, म्हणून बंद ड्रायव्हरचं पॅकेज नूवोला आपणच बाजूला करतं आणि पॅकेज काढलं की ती बंदीही उठते. पण कुठल्यातरी जुन्या लेखात वाचून आपण हाताने फाइल लिहिलेली असेल तर ती तशीच राहते. पुढे कधीतरी बंद ड्रायव्हर काढतो, नूवोवर अजून बंदी, आणि कार्डाला ड्रायव्हरच नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी!

आणि एवढं करूनही पडदा काळाच राहिला तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून बघा. बहुतेक वेळा काळ्या पडद्यामागे यंत्र व्यवस्थित जागं असतं, फक्त चित्र काढता येत नसतं. तिथे नाव-पासवर्ड देऊन ड्रायव्हरचं पॅकेज काढून टाकता येतं. हे दोन आकडे-अक्षरं एका कागदावर लिहून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवा, इंटरनेटवर शोधू म्हणाल तर इंटरनेट त्याच लॅपटॉपवर आहे.

आता काही लिनक्सवाले मित्र रागावतील. "बंद ड्रायव्हर कसा टाकायचा हे शिकवतोस? तत्त्वाचं काय?" तत्त्व मला मान्य आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचं मूळच एका प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीत रिचर्ड स्टॉलमनला झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरचा सोर्स कोड मिळाला नाही, तिथून ठिणगी पडली. पण भाचा मशीन लर्निंग शिकतोय आणि त्याला कूडा लागतं, किंवा भाची ब्लेंडरवर काम करतेय, तर तिला नूवोवर तिष्ठत ठेवून कोणतं तत्त्व जपलं जाणार? तिने बंद ड्रायव्हर टाकावा, निःशंकपणे टाकावा. ज्याला मेल, यूट्यूब, बँक आणि नातवंडांचे फोटो एवढंच करायचंय त्याने मात्र "आहे कार्ड तर वापरू" या हव्यासापायी टाकू नये. दुसरं कार्ड झोपलेलं असलं तर ते वाया जात नाही, बॅटरी वाचते.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. मे २०२२ मध्ये एनव्हीडियाने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. सगळीकडे पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. चांगलंच झालं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण तो चालतो २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांवर. त्याआधीची, २०१६ च्या आसपासची जीटीएक्स १०५०, १०६० ही कार्डं मधल्या मध्ये अडकली. त्यांना नूवो चालतो, पण वेग वाढवायला कंपनीची सही असलेलं फर्मवेअर लागतं, त्यामुळे कार्ड सुरुवातीच्या मंद वेगातच रांगत राहतं. आणि बंद ड्रायव्हरच्या बाबतीत ५८० ही त्यांच्यासाठीची शेवटची शाखा. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या काही काळ मिळतील. पुढे कर्नल बदलत जाईल आणि एक दिवस तो ड्रायव्हर त्यावर बांधला जाणार नाही. आधीच्या ३४० आणि ३९० या शाखांचं असंच झालं.

म्हणजे कार्ड धडधाकट, पैसे आपण मोजलेले, आणि ते कधी म्हातारं झालं हे ठरवणार दुसराच. त्याहून जुनी, २०१० ची कार्डं मात्र नूवोवर आजही पडदा उजळतात. कंपनीने सोडून दिलेल्या कार्डाला अनोळखी लोकांनी सांभाळलं. नव्याने घेताना निदान एवढं बघा: खास गरज नसेल तर ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे असं कार्ड घ्या. दुकानदाराला "किती जीबीचं?" याच्याबरोबर "लिनक्सवर आपोआप चालतं का?" हेही विचारा. तो गोंधळेल कदाचित. पण दहा जणांनी विचारलं तर अकराव्या वेळी उत्तर तयार ठेवेल.

आणि मामा, तुमचा लॅपटॉप टाकून देऊ नका. दोन कार्डं असतील तर आधी इंटेलवर महिनाभर चालवून बघा. काही अडलं तर मग ठरवू, पण ते शनिवारी सकाळी, परीक्षेच्या आदल्या रात्री नको!

तुमचे अनुभव आणि मतभेद दोन्ही खाली लिहा. विशेषतः मतभेद.