वाटीखालची पट्टी बाद झालेली नाही



गुडघ्यातील फाटलेल्या एसीएल या अस्थिबंधावरील गेल्या अंकातील लेखात त्याच्या जागी बसवायचा मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग टेंडनचा ग्राफ्ट आधुनिक आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनचा ग्राफ्ट कालबाह्य ठरवला आहे. कबड्डीचा प्रशिक्षक म्हणून मला हे अजिबात पटले नाही.

वाटीखालच्या टेंडनच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात. हाडाशी हाड लवकर जुळते, म्हणूनच कित्येक सर्जन आजही तरुण खेळाडूंसाठी तीच निवडतात. तिचा त्रास वेगळा आहे. गुडघे टेकले की पुढून दुखते. फरशी बसवणाऱ्या कारागिराला किंवा रोज नमाज पढणाऱ्याला हे आधी सांगायलाच हवे. हॅमस्ट्रिंगमध्ये ही तक्रार कमी, पण गुडघा जोराने दुमडण्याची ताकद घटते.

आणि हॅमस्ट्रिंग निर्धोक कुठे आहे? कॅनडा आणि युरोपातील एका चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले. पुन्हा दुखापतीचा धोका असलेले, १४ ते २५ वयाचे ६१८ रुग्ण तिच्यात होते. नुसता हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट बसवलेल्यांपैकी ११ टक्के जणांचा ग्राफ्ट दोन वर्षांत फाटला; गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला जोड-आधार दिलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. हा जोड-आधार लेखात नावालाही नाही.

शिवाय ग्राफ्ट कोणताही असो, घाई नडते. माझ्या संघातली एक मुलगी शस्त्रक्रियेनंतर सहाव्या महिन्यातच चढाईला उतरली आणि ग्राफ्ट गेला. नऊ महिने थांबवायला हवे होते. मी थांबवले नाही.

– एक कबड्डी प्रशिक्षक, सांगली