चाळीसगावच्या फलाटावरचा एक तास

'लास्ट डेज इन द डेझर्ट' (2015) हा रॉड्रिगो गार्सियाचा सिनेमा वस्तीत लावला, तर निम्मी पोरं पंधरा मिनिटांत मोबाईल काढतील. वाळवंट, उपास आणि चालणारा एक थकलेला माणूस. तो माणूस येशू आहे. बापाला, म्हणजे देवाला, हाक मारतो आणि उत्तर येत नाही. वाटेत एक कुटुंब भेटतं, त्यांच्या बाप-लेकाच्या ताणात तो गुंततो. सिनेमा संथ आहे, मान्य. पण या संथपणातच देवत्व गळून पडतं आणि माणूस उरतो. मार्क्सवादी पासोलिनीनेही 1964 साली साध्या, नट नसलेल्या माणसांना घेऊन येशू असाच जमिनीवर आणला होता.

आमचा प्रश्न आपल्या लोकांना आहे. 1950 च्या लेखात बाबासाहेबांनी फरक सांगितला होता: येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटलं, बुद्ध मात्र मोक्षदाता नव्हे, मार्गदाता राहिला. मग देवपुत्राला माणूस करून दाखवणारे तिकडे निघतात आणि मार्गदात्याचे अनुयायी आपण, बाबासाहेबांच्या डोक्यामागे तेजोवलय लावतो, हे कसं?

जब्बार पटेलांचा सिनेमा मोठाच आहे, मामुट्टीला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण अख्खं आयुष्य एका सिनेमात कोंबायचं म्हटलं की थांबायला वेळ राहत नाही.

आणि थांबण्याची जागा तर आपल्या खान्देशातच आहे. 1929. सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खान्देशात आले होते. धुळे लाईनवरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनवर हार घातले, पण कोणी हलेना. तासभर थांबले. कारण त्यांना ठाऊक नव्हतं: अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता, आणि आपल्या माणसाने पायी चालावं हे महारवाड्याला सहन होत नव्हतं. शेवटी तोड निघाली, टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा. हाकणारा नवखा. नदीवरच्या फरशीपुलावर घोडा उधळला, चाक दगडावर आपटलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, बेशुद्ध. पाय मोडला.

काही कार्यकर्ते म्हणतील, बाबासाहेब असे असहाय दाखवायचे? अहो, हे त्यांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय! स्वतःवर दया यावी म्हणून नव्हे. बॅरिस्टर झाला तरी टांगेवाला त्याला आपल्याहून खालचाच मानतो, हे दाखवायला. महारवाड्यावर त्यांनी राग धरला नाही, पण पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, हे ती माणसं विसरली, हेही स्पष्ट लिहिलं. प्रेम आणि चूक एकाच टांग्यात बसलेली. एवढं नाट्य कुठल्या पटकथेत आहे?

दरवर्षी 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण गर्दी करतो, 1937 च्या त्यांच्या मुक्कामाची आठवण म्हणून. त्या गर्दीतल्या, कॅमेरा हाताळणाऱ्या पोरांनी हे मनावर घ्यावं. तुमच्याकडे अहिराणी आहे, रेल्वेलाईन आहे. भव्य सेट नको, डीजेचं पार्श्वसंगीत तर नकोच. अपघातापासून सुरुवात करू नका. फलाटावरचा तो तास आधी दाखवा, पूर्ण लांबीचा: गळ्यात हार, बाहेर टांग्यांची रांग, आणि उशीर का होतोय हे त्यांना सांगायला कुणाचीच जीभ रेटत नाही.