लष्कराच्या भाकरी आणि ‘रेडिट’चा हिशेब

१२ जून २०२३ रोजी ‘रेडिट’ या अमेरिकी संकेतस्थळावरील आठ हजारांहून अधिक चर्चागटांनी आपले दरवाजे बंद केले. हा हरताळ पुकारणारे कंपनीचे कर्मचारी नव्हते. शिवीगाळ, फसवी जाहिरातबाजी आणि खोटा मजकूर दिवसरात्र निपटून काढणारे ते ‘मॉडरेटर’, म्हणजे एक पैही न घेता लष्कराच्या भाकरी भाजणारे स्वयंसेवक होते.

वादाचे निमित्त वरकरणी तांत्रिक होते. बाहेरच्या ॲप्सना रेडिटवरील मजकूर पुरविणारी ‘एपीआय’ ही सोय वर्षानुवर्षे मोफत होती. तीवर १ जुलै २०२३ पासून दर हजार विनंत्यांमागे २४ सेंट आकारण्याचे कंपनीने ठरविले. ‘अपोलो’ या लोकप्रिय ॲपचे निर्माते ख्रिश्चन सेलिग यांनी आपल्यावरील बोजा वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर होईल, असे गणित मांडले आणि ३० जूनला ॲप बंद केले. मॉडरेटरांचे दुखणे वेगळेच होते. त्यांची कामाची अवजारे याच सोयीवर उभी होती. अंध वापरकर्त्यांच्या गटाची तर विशेष कोंडी झाली. कंपनीचे अधिकृत ॲप त्यांच्या वाचक-यंत्रणेशी धड जुळत नव्हते. त्यांच्यासाठी काही बिगर-व्यावसायिक ॲप्सना पुढे सवलत मिळाली, पण ती आरडाओरडा झाल्यावर.

कंपनीचे प्रमुख स्टीव्ह हफमन मात्र बधले नाहीत. मॉडरेटरांची तुलना त्यांनी जमीनदार सरंजामशाहीशी केली. आपल्याकडे ‘वतनदार’ म्हणावे तसे. गट उघडा, अन्यथा दुसरे मॉडरेटर नेमू, अशा आशयाचे निरोपही गेले. ही टीका झोंबणारी असली तरी सर्वस्वी निराधार नव्हती. ज्याने गट प्रथम स्थापन केला, तोच त्याचा कारभारी. सभासदांनी त्याला निवडलेले नसते. त्यामुळे सामान्य वापरकर्त्यांची सहानुभूती फार काळ टिकली नाही. त्यात हरताळाची मुदत अवघी दोन दिवसांची, तीही आधीच जाहीर केलेली. संप कधी मिटणार हे ठाऊक असलेला मालक वाटाघाटीला कशाला बसेल? काही गटांनी नंतरही आंदोलन रेटले. छायाचित्रांच्या एका मोठ्या गटाने तर केवळ विनोदी निवेदक जॉन ऑलिव्हर यांचीच छायाचित्रे स्वीकारण्याचा नियम केला. करमणूक झाली, दर तेच राहिले.

खरा प्रश्न पैशांचा होता, आणि तो अपोलोपुरता नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना माणसांनी लिहिलेला, निवडून-पाखडून ठेवलेला मजकूर हवा होता. शेअर बाजारात उतरण्यापूर्वी रेडिटने सादर केलेल्या कागदपत्रांत अशा मजकूर-परवान्यांच्या करारांचे एकूण मूल्य २० कोटी ३० लाख डॉलर दाखविले आहे. हा मजकूर पाखडण्याचे श्रम मात्र बिनपगारी. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये या श्रमांचे मोल वर्षाला किमान ३४ लाख डॉलर काढले होते. मार्च २०२४ मध्ये कंपनीचा समभाग ३४ डॉलरना विक्रीस आला, तेव्हा निवडक मॉडरेटरांनाही त्याच भावाने तो घेण्याची मुभा मिळाली. घेण्याची, अर्थात पदरचे पैसे मोडून.

हा झगडा नवा नाही. ‘अमेरिका ऑनलाइन’च्या स्वयंसेवकांनी १९९९ मध्ये वेतनासाठी न्यायालयाचे दार ठोठावले होते; २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. कामाच्या पाळ्या आणि अहवाल ठरवून दिलेला माणूस स्वयंसेवक कसा, हा तेथील कळीचा मुद्दा होता. रेडिटचे मॉडरेटर वेतन मागत नव्हते. त्यांना धोरणात शब्द हवा होता. कायद्याचा आधार त्यासाठी मिळणे कठीण. हाती उरते ते कुलूप. सप्टेंबर २०२४ मध्ये रेडिटने नियम बदलला. सार्वजनिक गट खासगी करायचा असेल, तर मॉडरेटरांना आता आधी कंपनीची परवानगी मागावी लागते.